छताबाहेरची जागा

"हात पुढे करा," मी म्हटलं.

बाबांनी काथ्याचा कुंचा डब्यात उभा केला आणि शाळेत नखं तपासायला धरतात तसे दोन्ही हात पालथे करून माझ्यापुढे धरले. कुंच्यावरून काजूच्या टरफलांचं काळं तेल ठिबकत होतं. मे संपत आला होता. आमची होडी किनाऱ्यावरच्या माडांखाली ओढून एका अंगावर कलती ठेवली होती. पावसाआधी तिच्या लाकडाला तेल पाजायचं काम बाबा दरवर्षी स्वतःच करायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

मी ट्यूबमधलं पांढरं मलम त्यांच्या हातांवर चोळलं, मग नाकावर, मग गालांवर. आमच्या घरात बाबा एकटे गोरे, घाऱ्या डोळ्यांचे. पण तो गोरेपणा मी फक्त त्यांच्या पोटावर पाहिला होता. चेहरा, मान, हात कायम तांबडे, सालपट निघालेले.

"पुरे गो," ते म्हणाले. "आता मुकुट तेवढो चढय, दशावतारात राजा म्हणान उभो रवतंय."

"ओठ पुढे करा."

"ओठाक पण?"

"खालचा ओठ आधी जळतो. पाण्यावरून ऊन खालून वर येतं. टोपीने ते थांबत नाही."

"ता तू माका सांगतंस?" बाबा हसले, पण ओठ पुढे केला. "पुस्तकातला बोलता माझा चेडू. कोल्हापुराक दर्या नाय, पण दर्याचा सगळा म्हायती."

कोल्हापूरला मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करत होते. मासिकं चाळताना कुठेतरी समुद्रावर काम करणाऱ्यांच्या कातडीबद्दल वाचलं होतं, आणि त्या दिवसापासून मी बाबांच्या मागे लागले होते. दिवाळीला मी त्यांना गडद निळा, पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीचा शर्ट पाठवला होता. मानेवर आणि कानांवर पदर येणारी टोपी पाठवली होती. दर आठवड्याला फोनवर विचारायचे, "शर्ट घालता ना?" आणि बाबा म्हणायचे, "घालतंय गो बाय, घालतंय."

त्या दिवशीही मी न सांगता आले नव्हते. आदल्या दिवशी फोन केला होता. आले तेव्हा बाबा तोच शर्ट घालून, तीच टोपी घालून, माडांच्या सावलीत तेल लावत होते. मला फार बरं वाटलं.

"कापड चांगलं निघालं," मी त्यांच्या खांद्यावरून हात फिरवत म्हटलं. "सगळा सीझन काढला तरी रंग उडाला नाही."

"नाय उडाक," बाबा म्हणाले.

पाठीवर दोन सरळ घड्या होत्या, एक उभी, एक आडवी. आयेने इस्त्री करून दिला असेल, असं मला वाटलं. आये शर्टाला इस्त्री करणाऱ्यांतली नव्हती, पण तेव्हा ते माझ्या मनात आलं नाही.

"टोपी काढा. कानांना लावते."

"टोपी रवांदे."

"बाबा, कान राहिले तर काय उपयोग?"

ते जरा मागे सरले. मीच हात पुढे करून पदर उचलला. उजव्या कानाच्या वरच्या कडेला काळी खपली होती, बोराएवढी, आणि तिच्या भोवतीची कातडी सुजून चकाकत होती.

"हे काय?"

"तेल उडला. उतलाहा."

मी विश्वास ठेवला. आमच्याकडे कुणीही ठेवला असता. काजूच्या टरफलांचं तेल अंगावर उडालं की कातडी उतते, फोड येतो, काळा पडतो आणि जाता जात नाही. आयेच्या कोपराजवळ तसा डाग आहे. माझ्या गुडघ्यावर आहे, लहानपणी डब्यात पाय पडला होता त्याचा. ज्या घरात होडी आहे त्या घरात असा डाग नसलेलं माणूस सापडायचं नाही.

"खोबरेल लावलंत?"

"लावलंय. तू त्येका हात लावू नको, चुरचुरता."

मी त्या कानाला सोडून दुसऱ्या कानाला मलम लावलं.

तेवढ्यात माझा धाकटा भाऊ रुपेश वाळूवरून येताना दिसला. त्याच्या खांद्यावर होडीचं कापडी छत होतं, खाऱ्या पाण्याने ताठ झालेलं. होडी आता नावापुरतीच मासेमारीची राहिली होती. पहाटे बाबा जाळं ओढून यायचे, आणि नऊ वाजल्यापासून त्याच होडीत रुपेश पर्यटकांना खाडीच्या तोंडापर्यंत फिरवायचा. डॉल्फिन, बेट, पक्षी. बाकांवर छत होतं. बाकांखाली टोपल्यात पाहुण्यांसाठी टोप्या होत्या, सनस्क्रीनच्या बाटल्या होत्या. बाबा मागच्या टोकाला, मोटरीजवळ, सुकाणू धरून बसायचे. छत तिथपर्यंत पोचायचं नाही.

"काय बाबानू," रुपेश लांबूनच ओरडला, "आंब्यांक फवारणी करूक चललात काय?"

बाबा हसले. मीही हसले, कारण नखशिखांत झाकलेले बाबा खरोखरच कलमांच्या बागेत औषध मारणाऱ्या गड्यासारखे दिसत होते.

"हसू नकोस," मी रुपेशला म्हटलं. "आणि ह्या छताचं काय? गेल्या खेपेला मी सांगितलं होतं, मागे दोन हात कापड जोडून घे. बाबांच्या डोक्यावर सावली येईल."

"ताई, सांगलंय ना तुका, मोटरीचो धूर कोंडता."

"उघड्या समुद्रात धूर कोंडतो?"

"तू चलवून बघ एकदा होडी," तो म्हणाला. "मगे सांग."

"भांडू नका रे," बाबा म्हणाले आणि परत कुंचा उचलला. "छत पाव्हण्यांक. नाखव्याक कसला छत?"

दुपारी आयेने बांगड्याचं तिखलं केलं होतं. बाबा जेवले, पण सावकाश, डाव्या बाजूने चावत. संध्याकाळी पडवीत बसून त्यांनी माझ्याकडून पेपर वाचून घेतला, हवामानाची बातमी दोनदा. मग म्हणाले, "आता पाऊस सुरू झालो की येतंय तुझ्याकडे. चार दिस रवतंय."

"फेब्रुवारीतही असंच म्हणाला होतात. मी गादीसुद्धा नवीन आणली होती."

"आता नक्की."

तो शेवटचा साधा दिवस. त्यात मला आजही काही कमी दिसत नाही. ऊन होतं, वारा होता, माणसं जिथल्या तिथे होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या उशीवर रक्त होतं. खपली निघाली होती, आणि तिच्याखाली जे होतं ते भाजल्याचं नव्हतं, हे मलाही कळलं. मानेत, जबड्याखाली, लिंबाएवढी गाठ होती. ती ते इतके दिवस टॉवेलने, आणि आदल्या दिवशी टोपीच्या पदराने, झाकत होते. मी गाडी बोलावली. गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी कान पाहिला, मान चाचपली, आणि आम्हाला बाहेर बसायला सांगितलं नाही. मी त्यावरून समजले, लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"कधीपासून आहे हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"आठ-पंधरा दिस झाले असतीत," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी रुपेशकडे पाहिलं. तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहून खिडकीबाहेर पाहत होता.

पुढचं मी लिहीत नाही. कान कापला, मान उघडली, पण ते फार पुढे गेलेलं होतं. गणपती त्यांनी खाटेवरून पाहिले. घटस्थापनेआधी ते गेले. शेवटपर्यंत मला एकच म्हणत राहिले, "तू मलम लावलंस ना त्या दिवशी, कितको गार वाटला माका."

•

डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, आयेने मला बोलावून घेतलं. होडीवर बाबांचं नाव घालायचं ठरलं होतं. रुपेशने नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, पाटी लावली होती: 'नाखवा मोतीराम'. पाटीच्या एका बाजूला बाबांचा फोटो. अंगात बिनबाह्यांची गंजी, डोक्याला लाल चौकड्यांचा रुमाल, एक हात सुकाणूवर, डोळे उन्हाने बारीक केलेले.

"कोणी काढला हा?"

"पाव्हण्यांनी," रुपेश म्हणाला. "कितक्या तरी लोकांनी काढलेत. बाबांका बघूक म्हणान माणसा येयत. खरोखरचो नाखवो बघूक."

फोटोत उजवा कान अगदी स्वच्छ होता. मला वाटलं, जुना फोटो असेल.

आयेने होडीला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला, आणि म्हणाली, "पयल्या फेरीक तू बस गो रुपेशवांगडा. घरातला माणूस असांदे."

मी बसले. होडीत आठ-दहा पाहुणे होते. मुलं टोपल्यातल्या टोप्या एकमेकांच्या डोक्यावर घालत होती. एक नवरा आपल्या बायकोच्या नाकाला मलम लावत होता आणि ती डोळे मिटून बसली होती. मी नाळेजवळच्या बाकावर बसले, मागे वळून पाहिलं, आणि मला ते दिसलं.

छत मोठं झालं होतं. जुनं कापड उन्हाने विटून राखाडी झालेलं, आणि त्याला मागे दोन हात लांबीचा नवा कोरा निळा पट्टा शिवलेला. तो पट्टा मोटरीवरून थेट मागच्या टोकापर्यंत जात होता. रुपेश त्याच्या सावलीत बसला होता. बाबांच्या जागेवर.

त्याने माझी नजर पाहिली. "उन्हाचो तरास होता," तो म्हणाला.

"आणि धूर?"

त्याने मोटर सुरू केली.

खाडीच्या मध्यावर आलो तेव्हा माझ्या शेजारच्या बाई पुढे वाकून पाटी वाचायला लागल्या. पन्नाशीच्या असतील, पांढऱ्या कापडी टोपीतल्या, अंगभर सुती सदरा. त्यांनी फोटो पाहिला आणि पटकन रुपेशकडे वळल्या.

"अहो, हे काका! मागच्या खेपेला हेच होते की. कुठे आहेत आज?"

"वारले, मॅडम," रुपेश म्हणाला.

बाईंचा चेहरा उतरला. "कानामुळे?"

रुपेशने सुकाणू जरा वळवलं. होडी किंचित डोलली, मुलं ओरडली.

"मी डॉक्टर मगदूम," बाई म्हणाल्या. रुपेशलाच म्हणाल्या, माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. "कोल्हापूरची. कातडीची डॉक्टर. शिवरात्रीच्या सुमाराला आलो होतो आम्ही. तुम्हाला आठवत असेल की. ह्या काकांच्या कानावर जखम होती. मी म्हटलं कशानं झालं, तर म्हणाले काजूचं तेल. मी म्हटलं तेलाचा डाग असा वाढत नाही काका, असा कडेनं वर येत नाही. उद्याच्या उद्या दाखवा, तुकडा काढून तपासावा लागेल. आत्ता काढला तर लहान काम आहे. आणि तोवर हे असं उघड्यावर बसू नका."

"दुसऱ्या होडीवरचे असतीत, मॅडम," रुपेश म्हणाला. "हय खूप होड्या आसत."

बाईंनी फोटोकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तुमच्यासमोरच बोलले मी," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, मॅडम, पाहुणे बसलेत, उतरल्यावर बोलूया. उतरल्यावर मी काकांना माझा पत्ता दिला. ते एकदम खुश झाले. म्हणाले, माझी मुलगी तिथेच असते, पुस्तकांत काम करते, तिच्याकडेच येतो आणि तुमच्याकडे येतो. ती खूप वाचते, तिला सगळं कळतं, म्हणाले. मी वाट पाहिली हो. आठवडाभर रोज बाहेरच्या पोरीला विचारायचे, मालवणकडचे एक काका आले होते का."

"कुठे आहे तुमचा दवाखाना?" मी विचारलं.

त्यांनी सांगितलं. माझ्या ग्रंथालयाच्या मागच्या गल्लीत. मी रोज दुपारी त्याच्यावरून चहाला जात होते.

"तुम्ही कोल्हापूरच्या?" त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं, आणि पाण्याकडे पाहायला लागले. तेवढ्यात कुणीतरी "डॉल्फिन, डॉल्फिन" म्हणून ओरडलं आणि सगळे एका बाजूला झाले. रुपेशचा आवाज आला, सरावाचा, मोठा, "सगळे एका अंगाक नको, बसान घेवा, बसान घेवा."

उतरताना डॉक्टर मगदूम माझ्याजवळ आल्या. त्यांना कळलं होतं. त्यांनी माझा दंड धरला आणि मग वाळूवरून निघून गेल्या.

रुपेश दोर बांधत होता. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"फेब्रुवारीत बाबांनी मला फोन केला होता," मी म्हटलं. "येतो म्हणाले. मग शिमग्यानंतर म्हणाले. मग पाऊस पडल्यावर."

"मी थांबवलंय नाय त्येंका."

"मग?"

"सगळी बुकिंगा होती ताई. होळी, मगे पोरांच्या सुट्ट्यो. माणसा फोन करून विचारीत, म्हातारो नाखवो असतलो ना? मी बाबांका म्हटलंय, जावा तुमी. तर तेच म्हणाले, सीझन संपांदे. तेच म्हणाले, तुझो जम बसांदे." त्याने दोराची गाठ सोडून परत मारली. "आणि त्येनीच सांगल्यानी, ताईक सांगू नको."

"आणि शर्ट?"

"कसलो शर्ट?"

"मी पाठवलेला."

त्याने दोर ओढून पाहिला. वाळूवर पाहुण्यांची दुसरी खेप येऊन उभी राहिली होती. "एकदा घातल्यानी," तो शेवटी म्हणाला. "दिवाळीक. तर एक बाई विचारता, नाखवा कुठे आहेत? समोर बसलेले आसत आणि ती विचारता. फोटो कोणी काढूक नाय. मगे त्येनी आपणच काढून ठेवल्यानी."

"कुठे?"

"पेटयेत. तू येतंस म्हणान फोन इलो, तेव्हा आयेन काढून दिल्यान."

त्या दोन घड्या मला तेव्हा आठवल्या. पेटीत पडून राहिलेल्या कोऱ्या शर्टाच्या घड्या.

घरी आये मागच्या दारी बसून कर्ली साफ करत होती. खवले उडून तिच्या हातांवर चिकटले होते. मी तिच्यासमोर बसले.

"आये, तुला ठाऊक होतं?"

काय, असं तिने विचारलं नाही. विळीवरचा मासा तिने उलटा केला.

"तेंका वाटला, चेडवाक कशाक ताप. तुका सगळा कळता. तुका कळला असता तर तू त्येंका होडयेरसून उतरवलं असतंस."

"हो. उतरवलं असतं."

"म्हणानच," आये म्हणाली.

तिने हात पाण्यात बुचकळला आणि मला म्हणाली, "रात्री कर्लीचो सार करतंय. तुका आवडता ना?"

मी रात्री सार जेवले. रुपेश समोर होता. त्याची बायको मला आग्रह करून वाढत होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी कोल्हापूरला परतले. मी कुणाला काहीही बोलले नाही. आये त्याच्याकडे राहत होती, त्याच घरात तिला म्हातारं व्हायचं होतं, आणि मी एक शब्द काढला असता तर ते घर दोन झालं असतं. निदान मी स्वतःला तसं सांगत आले. दर मे महिन्यात मी गेले. राखी बांधली. होडीत मात्र पुन्हा बसले नाही.

•

आये गेली त्याच्या पुढच्या वर्षी रुपेशने फायबरची नवी बोट घेतली. फोनवर म्हणाला, "जुनी मोडूक देतंय. तू येवन बघ एकदा. काय व्हया तर ने."

होडी माडांखालीच होती, एका अंगावर कलती, त्याच जागी. कित्येक पावसाळे तिला तेल लागलं नव्हतं. फळ्या उलल्या होत्या. छताचा सांगाडा काढून बाजूला टाकला होता, आणि त्यावर राखाडी कापडाला शिवलेला निळा पट्टा. तोही आता विटून राखाडी झाला होता. कुठून जोडला होता ते ओळखू येत नव्हतं.

रुपेश माझ्यामागून आला. त्याच्या हातात शर्ट होता.

"आयेच्या पेटयेत गावलो," तो म्हणाला. "तुझो आसा."

मी घेतला. बाहीवर, मनगटाजवळ, काजूच्या तेलाचा एक काळा डाग होता. बाकी शर्ट कोरा. नाकाजवळ नेला तर डांबरगोळ्यांचा वास आला. मासळीचा नाही, मोटरीचा नाही, माणसाचा नाही.

रुपेशचे केस पिकले होते. तो टोपी घालून होता, कानांवर पदर असलेली. नाक पांढरं होतं मलमाने. मी त्याच्याकडे पाहतेय हे लक्षात येऊन त्याने ते पुसलं.

"बोल गो एकदाचा," तो म्हणाला. "इतकी वर्षां इलंस, जेवलंस, राखी बांधलंस, गेलंस. एकदा शिव्यो घाल माका. बडय. पण बोल."

मी पाटीकडे पाहिलं. नाळेवर ती अजून तशीच होती. फोटोवर मीठ चढलं होतं. मी शर्टाच्या कोऱ्या बाजूने तो पुसला. जवळून पाहिल्यावर दिसलं की फोटो जुना नव्हताच. कान कुणीतरी गुळगुळीत करून घेतला होता. उजव्या कानाची वरची कड जरा जास्तच गोल होती, डाव्यासारखी नव्हती. त्याखाली मानेवर, रुमालाच्या गाठीजवळ, सूज मात्र तशीच राहिली होती. ती पुसायचं करणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं.

डोळे उन्हाने बारीक केलेले. तरी हसत होते ते. पाहुण्यांसाठी असतील. रुपेशसाठी असतील.

"तू नव्हे रे," मी रुपेशला म्हटलं.

त्याला कळलं नाही. तो वाट पाहत राहिला.

बाबा जाईपर्यंत मी त्यांना कधी उलट बोलले नव्हते, आणि गेल्यावर तर कोण बोलतं. मी शर्ट उलगडला, पाठीवरच्या त्या दोन घड्या अजून होत्या, आणि तो फोटोसमोर धरला, नखं दाखवायला हात धरतात तसा.

"बाबानू," मी म्हटलं. माझा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता, भाषाही कोल्हापूरची नव्हती. "हो शर्ट तुमी फक्त माका दाखवूक घातलात. मलम लावीपर्यंत गप बसलात. तुमी माका फसवलात, बाबानू. माका एकटीक."